वेड्यांची घरे आणि निष्काम कर्म

गीतेतला निष्काम कर्माचा उपदेश आपल्या बोलण्यात इतका मुरला आहे की त्याचा अर्थ काय, हे विचारावेसे सहसा कुणाला वाटत नाही. परीक्षेत अपयश आले, बढती हुकली, मुलांनी पांग फेडले नाहीत, की तो उपदेश सांत्वन म्हणून पुढे येतो. पडेल ते काम करायचे आणि मिळेल त्यात समाधान मानायचे, एवढाच त्याचा सारांश उरला आहे. अशा अर्थाने निष्काम कर्म म्हणजे बेचव कर्म: हात चालतात, मन कुठेच नसते. यावरचा आक्षेपही जुनाच आहे. काही हेतू असल्याशिवाय मंदबुद्धीचा माणूसदेखील हालचाल करत नाही, असे मीमांसकांनी बजावून ठेवले आहे. मग फळाची इच्छा काढून घेतली तर काम करण्याची ऊर्जा कुठून येणार? जीव ओतून करायचे आणि तरी फळावर नजर ठेवायची नाही, हे माणसाला खरोखर शक्य आहे का, की तो केवळ सुंदर शब्दांचा खेळ आहे? या प्रश्नाचे उत्तर भाष्यग्रंथांत शोधण्याची आपली रीत आहे. मला ते अगदी वेगळ्या ठिकाणी सापडते असे वाटते: शेजाऱ्यांनी ज्यांना वेडे ठरवले अशा काही माणसांनी, कुणी न सांगता, आयुष्यभर एकट्याने उभारलेल्या चमत्कारिक वास्तूंमध्ये.

चंडीगडचे नेकचंद सैनी हे त्यांतले आपल्या सर्वांत जवळचे. १९२४ साली आज पाकिस्तानात असलेल्या शकरगड भागातल्या एका खेड्यात ते जन्मले. फाळणीत ते गाव सुटले. पुढे वास्तुविशारद ल कॉर्बुझिएच्या आराखड्यानुसार उभ्या राहणाऱ्या चंडीगडमध्ये ते सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक झाले. नव्या शहरासाठी जुनी गावे उठवली गेली होती आणि त्यांचा मलबा जागोजाग पडलेला होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस नेकचंदांनी तो सायकलवरून वाहून न्यायला सुरुवात केली. सुखना तलावाजवळच्या, बांधकामाला बंदी असलेल्या सरकारी जंगलात, नोकरीचे तास संपल्यावर, ते फुटक्या बांगड्या, चिनी मातीचे तुकडे, विजेचे मोडके साहित्य आणि दगड यांतून राजे, नर्तकी, पाणी भरणाऱ्या बायका आणि प्राण्यांचे कळप घडवत राहिले. दीड दशकाहून अधिक काळ हे जवळजवळ कुणालाच ठाऊक नव्हते. १९७० च्या दशकात सरकारी अधिकाऱ्यांना त्याचा पत्ता लागला, तेव्हा ते कित्येक एकरांवर पसरलेले होते. कायद्याप्रमाणे ते पाडायला हवे होते. त्याऐवजी १९७६ मध्ये ते बाग म्हणून लोकांसाठी खुले झाले. नेकचंदांना पुढे त्याच कामासाठी पगार आणि मजूर मिळाले, १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत ती आधीची, अंधारातली वर्षे. त्या काळात या कामातून मिळण्यासारखे एकच फळ समोर दिसत होते: पकडले जाणे आणि नोकरी गमावणे. तरीही ते थांबले नाहीत. हेतूशिवाय कुणी हलत नाही हे खरे. परंतु हेतू म्हणजे फळच असायला हवे, हे या उदाहरणावरून खरे ठरत नाही. कामच कामाचा हेतू होऊ शकते.

इथे विनोबांनी केलेला एक भेद उपयोगी पडतो. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दिलेली आणि साने गुरुजींनी उतरवून घेतलेली गीता प्रवचने आपल्या परिचयाची आहेत. त्यांत कर्म, विकर्म आणि अकर्म या शब्दांचा अर्थ लावताना विनोबा विकर्म म्हणजे निषिद्ध कर्म असे म्हणत नाहीत. बाहेरच्या कर्माला मनाची जी जोड मिळते, ते त्यांच्या मते विकर्म. पिंडीवर पाण्याची धार चालू असताना मनाचीही धार चालू असेल तर तो अभिषेक. नाहीतर दगडावर पडलेले पाणी. कर्मात विकर्म मिसळले की कर्माचा भार उरत नाही आणि त्याचे अकर्म होते. या मांडणीत निष्कामता मन काढून घेतल्याने येत नाही, मन पूर्ण ओतल्याने येते. फळाचा विचार करायला मन शिल्लकच राहत नाही, म्हणून फळ सुटते. बेचव कर्म आणि निष्काम कर्म यांतला फरक यापेक्षा नेमका सांगता येणार नाही, आणि नेकचंदांची ती वर्षे या मांडणीचा जिवंत पुरावा आहेत.

परंतु एका उदाहरणावर सिद्धान्त उभा राहत नाही, आणि इथेच पहिला गंभीर आक्षेप येतो. कामात असे बुडून जाणे ही आसक्तीच नव्हे काय? पैशाची ओढ सुटली, कीर्तीची ओढ सुटली, पण स्वतःच्या निर्मितीची ओढ तर त्याहूनही चिवट असते. फ्रान्समधला फेर्दिनां शेवाल हा या आक्षेपाचा सर्वांत बळकट साक्षीदार. द्रोम प्रांतातल्या ओतरीव गावचा हा पोस्टमन रोज मैलोन्‌मैल पायी टपाल वाटत असे. १८७९ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, वाटेत एका दगडाची त्याला ठेच लागली. त्या दगडाचा विलक्षण आकार पाहून त्याने तो खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी तो आणखी दगड शोधायला परत गेला, मग टोपलीने, मग हातगाडीने दगड आणू लागला आणि चुना-सिमेंटमध्ये ते बसवत आपल्या परसात एक महाल उभारू लागला. ३३ वर्षांनी, १९१२ मध्ये, तो पूर्ण झाला. त्यात मशीद आहे, हिंदू मंदिर आहे, स्विस घर आहे, मध्ययुगीन किल्ला आहे. ज्या देशांत शेवालने कधी पाऊल ठेवले नाही ते सगळे देश एका भिंतीत एकत्र नांदतात. पण त्याच भिंतींवर त्याने हे एकट्या माणसाचे काम असल्याचे पुन्हा पुन्हा कोरून ठेवले आहे. आपल्याला त्या महालातच पुरावे, अशी त्याची इच्छा होती. परवानगी मिळाली नाही, तेव्हा वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षाच्या आसपास त्याने गावच्या दफनभूमीत स्वतःची कबर बांधायला घेतली आणि आठ वर्षे खपून तीही पुरी केली. १९२४ मध्ये तो वारला. फळ सोडणाऱ्या माणसाची ही लक्षणे नव्हेत. जे बनवले त्याला मृत्यूनंतरही बिलगून राहण्याची ही इच्छा आहे.

हा आक्षेप मी मान्य करतो. शेवालला निष्काम कर्मयोगी म्हणता येणार नाही, आणि विक्षिप्तपणा हा आपोआप अध्यात्म ठरत नाही, हे त्याच्यावरून शिकले पाहिजे. मात्र शेवालच्या शेजारी दुसरा एक माणूस ठेवून पाहावा. इटलीतून अमेरिकेत आलेला साबातो रोडिया हा लॉस एंजेलिसमध्ये फरश्या बसवण्याची आणि बांधकामाची मजुरी करी. वॉट्स भागातल्या आपल्या लहानशा त्रिकोणी जागेत त्याने १९२१ मध्ये पोलादी सळ्या वाकवून, त्यांवर तारेची जाळी गुंडाळून आणि सिमेंट लिंपून मनोरे उभारायला घेतले. परांची नाही, वेल्डिंग नाही, नटबोल्ट नाहीत. ओल्या सिमेंटमध्ये तो फुटक्या बाटल्या, शिंपले, कपबश्यांचे तुकडे रोवत गेला. सर्वांत उंच मनोरा सुमारे ३० मीटर झाला. हे काम १९५४ पर्यंत चालले, म्हणजे त्यालाही नेमकी ३३ वर्षेच लागली. त्यानंतर रोडियाने ती सगळी जागा एका शेजाऱ्याला देऊन टाकली, दूर मार्टिनेझला निघून गेला आणि मनोऱ्यांकडे परत फिरकला नाही. १९५९ मध्ये महापालिकेने ते धोकादायक ठरवून पाडायला काढले, तेव्हा लोकांच्या आग्रहावरून एका मनोऱ्याला सुमारे साडेचार हजार किलोंचा ताण देऊन पाहिले गेले. मनोरा टिकला. त्या दिवशी ज्याने तो बांधला तो माणूस तिथे नव्हता. एकाच तपश्चर्येची ही दोन टोके: एकाला आपल्या निर्मितीतच चिरनिद्रा हवी होती, दुसऱ्याने ती हातावर उदक सोडावे तशी सोडली. बाहेरून दोघांचेही कर्म सारखे. दोघेही लोकांच्या दृष्टीने वेडे. तेव्हा काम किती तन्मयतेने केले, ही एकच कसोटी पुरेशी नाही. काम पुरे झाल्यावर हात मोकळा होतो की मुठी आवळतात, ही दुसरी कसोटी तिच्या जोडीला हवी.

यावर चिकित्सक वाचक म्हणेल की रोडियाच्या जाण्याला त्याग म्हणणे ही आपली भाबडी कल्पना आहे. तो म्हातारा झाला होता, थकला होता, आसपासची मुले त्याच्या कामाची नासधूस करत, शेजारीही फारसे प्रेमाने वागत नसत; कंटाळून गेलेला माणूस विरक्त नसतो. गीताही या आक्षेपकाच्याच बाजूने बोलते असे वाटेल, कारण अठराव्या अध्यायात देहाला कष्ट होतील या भयाने केलेल्या त्यागाला राजस म्हटले आहे आणि त्याला त्यागाचे फळ मिळत नाही असे सांगितले आहे. पण तो अध्याय नीट वाचला तर दिसते की राजस त्यागात माणूस कष्टाला भिऊन कर्मच टाकतो. सात्त्विक त्यागात कर्म पुरते केले जाते, आणि टाकली जाते ती आसक्ती आणि फळ. रोडियाने ३३ वर्षांत कष्ट चुकवले नाहीत. उंच मनोऱ्यावर सिमेंटची बादली घेऊन चढण्यात देहाचे भय कुठे उरते? त्याने सोडले ते काम नव्हे, कामाचे फळ. निघून जाण्याची निमित्ते कडू असतील. पण त्यागाची पारख निमित्तावरून करायची म्हटले तर वार्धक्य, अपमान किंवा थकवा यांनी घर सोडायला लावलेला एकही संन्यासी आपल्याला खरा मानता येणार नाही. निमित्त कोणतेही असो, परत येऊन मालकी सांगण्याची इच्छा उरली की नाही, हे पाहावे लागते. ती उरल्याचे काही दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे, आणि तो टिळकांच्या बाजूने येतो. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी कर्मयोगाची सांगड लोकसंग्रहाशी घातली. ज्ञानी माणसानेही कर्म करायचे ते समाजाची घडी टिकावी म्हणून. मग दुष्काळ, दारिद्र्य आणि महायुद्धे यांच्या काळात परसात मनोरे बांधत बसलेल्या माणसाने कोणता लोकसंग्रह साधला? ही तर समाजाकडे फिरवलेली पाठ झाली. याचे उत्तर देताना मला त्या वास्तू कशाच्या बनल्या आहेत याकडे लक्ष वेधावेसे वाटते. संग्रह म्हणजे एकत्र धरून ठेवणे. नेकचंदांच्या बागेत जे एकत्र धरले गेले ते एका शहराने टाकलेले होते, आणि ते शहर वसवताना मोडलेल्या गावांचे होते. आराखड्यात ज्या संसारांना जागा नव्हती त्यांच्या बांगड्या आणि बश्या त्या बागेत नर्तकींच्या अंगावर परत आल्या, त्याही ज्याचे स्वतःचे गाव सुटले होते अशा माणसाच्या हातून. शुद्धाशुद्धतेच्या कल्पनेत रुळलेल्या आपल्या मनाला टाकलेले, उरलेले, उष्टे यांची शिसारी असते. पण आपल्याच अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात उच्छिष्टावर एक संपूर्ण सूक्त आहे, आणि नाम, रूप, सगळे लोक त्या उरलेल्याच्या आधाराने आहेत अशी त्यातली कल्पना आहे. या माणसांनी ते सूक्त वाचलेले असण्याचे कारण नाही, पण त्यांच्या हातांना तो अर्थ कळला होता. आणि समाजालाही तो कळलेला दिसतो. १९९० च्या सुमारास नेकचंदांच्या बागेच्या एका भागावर बुलडोझर चालून आले, तेव्हा शहरातले लोकच आडवे उभे राहिले. कुणालाही न दाखवता केलेल्या कामाने शेवटी लोकांना एकत्र आणले. लोकसंग्रह हे ध्येय म्हणून समोर ठेवले तरच तो घडतो असे नाही. निष्ठेने केलेल्या कामाच्या पोटातूनही तो जन्म घेतो.

याच प्रश्नाला लागून स्वधर्माचा प्रश्न येतो. दुसऱ्याचा धर्म कितीही उत्तम पाळता आला तरी आपला उणा धर्मच बरा, हे गीतेचे सांगणे शतकानुशतके जातीने लादलेले काम निमूटपणे करत राहावे यासाठी वापरले गेले आहे. तो वापर अन्यायाचा होता, हे स्पष्ट म्हटल्यावाचून या शब्दाला हात लावू नये. समाजाने नेमून दिलेले काम हाच स्वधर्म असता, तर शेवालचा स्वधर्म टपालाच्या थैलीपाशी आणि नेकचंदांचा रस्त्यांच्या नोंदवहीपाशी संपला असता. आपल्या संतांनीही तो तिथे संपू दिला नाही. सावता माळ्याने मळ्यात आणि गोरा कुंभाराने चिखल तुडवताना देव पाहिला, याचा अर्थ त्यांनी जातीच्या कामावर समाधान मानले असा नाही. त्या कामावर ज्यांचा हक्क चालत होता त्यांच्याकडून ते काढून घेऊन त्यांनी ते देवाचे केले, असा आहे. या घरांच्या कर्त्यांचेही तसेच झाले. रोज मैलोन्‌मैल चालणाऱ्या पोस्टमनलाच दगड दिसले. मलबा कुठे पडला आहे हे रस्ते निरीक्षकालाच ठाऊक होते. सिमेंट किती वेळ ओले राहते हे फरश्या बसवणाऱ्यालाच कळत होते. पोटासाठी शिकलेले कसब त्यांनी रात्री पोटापलीकडच्या कामाला लावले. त्यांच्या वास्तूंत प्रमाणबद्धता नाही, शैलीची सरमिसळ आहे, कुशल वास्तुविशारदाला त्यांत शेकडो दोष दिसतील. पण ते दोष त्यांचे स्वतःचे आहेत. उणा असला तरी आपला, हे वचन दगडात उतरले तर ते असेच दिसेल.

तिसरा आक्षेप टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. असे जगणे माणसाला खरोखर शांती देते का? दक्षिण आफ्रिकेच्या कारू प्रदेशातल्या न्यू बेथेस्डा या खेड्यात हेलन मार्टिन्स या स्त्रीने आपल्या घराच्या भिंती काचेच्या चुऱ्याने चमकवल्या, जागोजाग आरसे लावले आणि अंगण सिमेंटच्या घुबडांनी, उंटांनी, यात्रेकरूंनी भरून टाकले. त्यांतली बरीच शिल्पे कूस मालगस या मदतनीसाच्या हातची आहेत, हेही सांगितले पाहिजे. उजेड हा तिच्या साऱ्या कामाचा ध्यास होता. पुढे तिची दृष्टी मंदावत गेली आणि १९७६ मध्ये तिने स्वतःचा अंत करून घेतला. या जीवनावर आध्यात्मिक यशाचा शिक्का मारण्याचा अधिकार कुणालाही नाही. माझ्या प्रतिपादनाची सीमा तिने मला दाखवली असे मी मानतो. काम करता येत असते तोवर फळ सुटणे एकवेळ सोपे असते. पण कामच हातून जाऊ लागते तेव्हा काय धरायचे, याचे उत्तर कामाजवळ नसते. सिद्धी आणि असिद्धी दोन्हींत सम राहणे हे गीतेने योगाचे लक्षण सांगितले ते याचसाठी. तन्मयता हा त्या समत्वाकडे जाणारा रस्ता आहे, समत्व नव्हे. मात्र रस्ता मधेच तुटला म्हणून तो रस्ताच नव्हता असे ठरत नाही. आणि काचेच्या त्या चुऱ्यावर अजूनही सकाळी ऊन पडते.

उरतो देवाचा प्रश्न. आतापर्यंतच्या उदाहरणांत देव कुणाच्या ओठांवर फारसा नव्हता. त्यामुळे हे सारे कलेबद्दल झाले, धर्माबद्दल नव्हे, असे कुणी म्हणेल. तर ज्यांच्या कामात देवाचे नाव सतत होते असे दोघे पाहू. स्पेनमधला हुस्तो गाय्येगो हा क्षयामुळे मठ सोडावा लागलेला माणूस. बरे झालो तर पिलारच्या मेरीमातेसाठी प्रार्थनास्थळ बांधीन, असा त्याचा नवस होता. १९६१ मध्ये माद्रिदजवळच्या मेहोरादा देल काम्पो गावात, घराण्याच्या जमिनीवर, टाकाऊ विटा आणि ड्रम वापरून त्याने एक अख्खे कॅथीड्रल बांधायला सुरुवात केली. ना वास्तुविद्येचे शिक्षण, ना रीतसर परवाना. २०२१ मध्ये तो वारला तेव्हा ते अपुरेच होते. नवस ही देवाशी केलेली देवघेव, सकाम भक्तीचे अगदी उघड रूप. पण नवस फेडायला नारळ पुरतो, खण पुरतो. ज्याची फेड साठ वर्षे चालते ती फेड राहत नाही. सौदा म्हणून सुरू झालेले काम वाटेत केव्हातरी सौदा विसरून गेले, आणि अपुरे राहण्याचीही तक्रार त्यात उरली नाही. कामनेतून निष्कामतेकडे जाता येते, किंबहुना बहुतेकांना तिथूनच जावे लागते, हे गाय्येगोने दाखवले.

दुसरा जेम्स हॅम्प्टन. वॉशिंग्टनमध्ये सरकारी इमारतींची रात्रपाळीत झाडलोट करणारा हा कृष्णवर्णीय कामगार मध्यरात्री काम संपले की भाड्याच्या एका गॅरेजमध्ये जाई. जुने टेबल, मोडक्या खुर्च्या, पुठ्ठे, विजेचे गेलेले दिवे यांवर तो सोनेरी-रुपेरी वर्ख चढवत असे. चौदाएक वर्षे हे चालले. १९६४ मध्ये तो वारला आणि गॅरेज उघडले गेले, तेव्हा आत वेदी, मुकुट, आसने अशा सुमारे १८० वस्तूंचा झगमगता दरबार होता आणि मधोमध एक सिंहासन, ख्रिस्ताच्या पुनरागमनासाठी मांडून ठेवलेले. आज तो दरबार स्मिथसोनियनच्या कलासंग्रहालयात आहे. हॅम्प्टनने या कामासाठी पैसा मिळवला नाही, नाव मिळवले नाही, आणि ज्याच्यासाठी ते केले तोही त्याच्या हयातीत येऊन बसला नाही. फळाची इच्छा नसावी म्हणजे फळाची जागाच पुसून टाकावी असा अर्थ आपण घेतो, आणि म्हणून आपले निष्काम कर्म कोरडे होते. हॅम्प्टनने ती जागा पुसली नाही. त्याने ती मांडली, सजवली, रोज रात्री तिच्यावरची धूळ झटकली, आणि स्वतः तिच्यावर बसला नाही.